धरून चाललेलं मत

आमच्या गावात राजकारण कळायचं ते एका मारुतीला. बाकीच्यांना ते कळावं अशी गरजच कधी पडली नव्हती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मोठी माणसं पारावर बसायची. म्हणजे आबा बसायचे आणि बाकीचे त्यांच्याकडे तोंड करून बसायचे. आबा गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले. कुणाचे चुलते, कुणाचे मामा, आणि ज्याचे कुणीच नव्हते त्याचेही आबाच. अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता ते नावं घ्यायचे. जागा जितक्या तितकीच नावं. मग मारुतीपुढं नारळ ठेवायचा, कुणीतरी 'शब्द झाला' म्हणायचं, आणि पाच वर्षांचा कारभार सुपारी चघळून व्हायच्या आत उरकायचा. त्या नारळावर मारुतीचं मत काय होतं ते कुणी विचारलं नाही. मत विचारायची पद्धतच नव्हती.

याचा आम्हाला अभिमानही होता. आमच्या बाजाराच्या गावाहून, गोरेगावहून, येताना गावात शिरायच्या तोंडाशी पत्र्याची पाटी होती: 'बिनविरोध गाव, एकोप्याचं गाव'. शेजारपाजारच्या गावांत निवडणुकीपायी भाऊ भावाच्या बांधावर जात नव्हता, डोकी फुटत होती, आणि आमच्याकडं सगळं कसं शांत. पाटीच्या खांबाला बैल अंग घासायचे, त्यामुळं एकोपा थोडा वाकडा झाला होता, पण वाचता यायचा.

मी गिरणीवाला. पिठाची गिरणी. वडिलांनी घातलेली, मी चालवलेली, आणि खरं सांगायचं तर बायकोनं सांभाळलेली. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, साहेब जवळ आला, आता लाईटही जवळून येईल. साहेब आला. लाईट मात्र आणखी लांब गेली. पुढची काही वर्षं असं भारनियमन झालं की नव्या लग्नातला पाहुणाही लाईटपेक्षा जास्त वेळ घरी थांबायचा. दिवसातून थोडा वेळ थ्री फेज यायची, तीही कधी सकाळी, कधी भर दुपारी. ती आली की गिरणी सुरू. तोवर बाया ज्वारीचे डबे, गव्हाची पोती, डाळीच्या पिशव्या रांगेत लावून माझ्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. गावातल्या असायच्या, शेजारच्या तांड्यावरच्याही असायच्या. तांडा आमच्याच वार्डात होता. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलं, आता त्यांची शेती आमच्यासारखीच, म्हणजे वर आभाळ आणि खाली दगड.

आता यात एक गंमत होती. तिला गंमत म्हणायला मला नंतर सुचलं. तेव्हा ती रोजची कटकट होती. थ्री फेज आली की गिरणी सुरू व्हायची, आणि थ्री फेज आली की पाणीपुरवठ्याची मोटरही सुरू व्हायची. नळाला पाणी त्याच घटकेला. मोटरीचा आवाज आला की माझ्या ओट्यावरच्या अर्ध्या बाया डबे टाकून घागरी घ्यायला पळायच्या. उरलेल्या अर्ध्या पुढं सरकायच्या. पळालेल्या परत आल्या की 'माझा नंबर कुठं गेला' म्हणून भांडण. तोवर लाईट गुल. बाईनं त्या दिवशी पीठ आणायचं का पाणी भरायचं, हे तिनं आधीच ठरवून घराबाहेर पडावं, अशी सरकारनं सोय केली होती.

गावाला पाण्याची टाकी नव्हती असंही नाही. चांगली उंच टाकी होती. लाईट असताना ती भरून ठेवायची आणि लाईट गेल्यावर वॉल फिरवून पाणी सोडायचं, एवढी साधी गोष्ट. पण पाणी सोडणारा गडी आबांच्या शेतावर कामाला. तो मोटरीचं बटण दाबायचा आणि पाणी सरळ नळाला लावून औताकडं निघून जायचा. परत येऊन वॉल फिरवायचा, एवढा उद्योग त्याला कुणी सांगितला नव्हता. आबांच्या घरी दोन गडी आणि एक बाई पाणी भरायला होती, त्यामुळं त्यांना हे कधी दिसलं नाही. माणूस वाईट नव्हता. बघायची वेळच आली नव्हती त्याच्यावर.

बायकोनं आधी पंचायतीच्या मेंबराला सांगितलं. मेंबर म्हणाला, आबांना विचारतो. मग तिनं ग्रामसेवकाला सांगितलं. ग्रामसेवक म्हणाला, ठराव लागेल. ठराव कोण करणार, तर मेंबर. शेवटी ती आबांच्या घरी जाऊन आली. आबा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "पाणी येतं ना, पोरी? मग?" तिनं हा 'मग' घरी आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"मग काय?" मी म्हणालो. "मोठ्या माणसाच्या नादी लागू नये."

"नादी कोण लागून राहिलं?" ती म्हणाली. "मी एवढंच म्हणते. दिल्लीला कोणाला बसवायचं ते मला इचारतेत. मुंबईला कोणाला बसवायचं ते इचारतेत. अन् माझ्या नळाला पाणी कवा सोडायचं ते ठरवणारा कोण, हे मला कोणीच न्हाई इचारत. हे कसलं बराबर?"

उत्तर आलं नाही की मला राग येतो, तसा तो आला. मी गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला निघून गेलो.

मग निवडणूक लागली. आमच्या वार्डातली एक जागा बाईसाठी सुटली होती. पारावर बैठक झाली, सुपारी कातरली गेली, आणि त्या जागेवर आबांच्या थोरल्या सुनेचं नाव आलं. ही सून वाशिमकडची, दहावी झालेली. गावानं तिला लग्नाच्या वरातीत पाहिलं होतं आणि नंतर फारसं पाहिलं नव्हतं. तिला कुणी विचारलं का, हे मला ठाऊक नाही. तिचा नवरा मात्र बैठकीत मान डोलवत होता. नारळ ठेवला. शब्द झाला. मीही तिथंच होतो आणि मीही 'झाला' म्हणालो. घरी येऊन ही बातमी मी मोठ्या खुशीत सांगितली.

बायको भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मी फारम भरते."

"कशाचा?"

"त्याच जागेचा."

मी हसलो. नंतर हसणं थांबवलं, कारण ती हसत नव्हती. "अगं, निवडून कशी येशील तू? गाव आबांचं हाय."

"मला कुठं निवडून यायचंय? मला मत द्यायचंय."

"मत द्यायला उमेदवार व्हावं लागतं काय?"

"आपल्या गावात लागतं," ती म्हणाली. "कोणी उभंच न्हाई ऱ्हायलं तर मत पडंल कसं? लग्न होऊन आले तवापासून या गावासाठी एकदाबी मत न्हाई दिलं मी. तुमीबी न्हाई दिलं. तुमच्या आईनंबी न्हाई दिलं."

आई कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं मान वर करून "व्हय की" म्हटलं आणि परत शेंगा फोडायला लागली. सूचक म्हणून सही लागते असं कळल्यावर अंगठाही तिनंच दिला. कशावर देते हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर म्हणाली, "सून शहाणी हाय. पोराचं सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही गोरेगावला आलो, तिथून जीपच्या टपावर एक माणूस आणि आत कितीतरी, अशा थाटात सेनगावला तहसीलला गेलो. अर्ज भरला. येताना मी सगळी वाट तोंड पाडून बसलो होतो. तिनं मात्र खिडकीपाशी जागा मिळवली होती आणि हायब्रीड ज्वारीची कणसं बघत होती.

गाव हादरलं. माझ्या आठवणीत गाव इतकं कधी हादरलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हासुद्धा लोक बाहेर येऊन थोडा वेळ बोलले आणि झोपले. नारळ मोडला म्हणजे काय! आबा स्वतः गिरणीत आले. गिरणी कुठं आहे हे त्यांना गड्यानं दाखवावं लागलं. पिठानं माखलेल्या बाकावर बसावं का उभं राहावं, हे त्यांना कळेना. शेवटी उभेच राहिले.

"काहून रे, गावाचा एकोपा मोडून राहिला?"

"आबा, मी न्हाई मोडला. घरातून मोडला."

"बायको ऐकत न्हाई का तुझी?"

यावर एक चांगलं उत्तर माझ्या मनात आलं होतं. पण गिरणीवाल्यानं मनातलं मनातच दळावं. मी म्हणालो, "सांगून बघतो." आबांनी मान हलवली आणि वळताना बाकाला घासून पांढऱ्या धोतराला मागं पीठ लावून गेले.

मग दळणं बंद झाली. कुणी दवंडी दिली नाही, कुणी बोललं नाही. फक्त सायकलीच्या कॅरिअरवर पोती बांधून लोक गोरेगावला जायला लागले. जायचे तेही माझ्या दारावरून, घंटी वाजवत. थ्री फेज यायची, मी पट्टा चढवून बसायचो, आणि गिरणीत एकटा घुशीसारखा फिरायचो. तांड्यावरच्या बाया तेवढ्या यायच्या. त्यांना गोरेगाव लांब पडायचं असं त्या म्हणायच्या. ते खरं नव्हतं, हे मला कळत होतं. मी त्यांच्यावरही चिडायचो, कारण चिडायला दुसरं कुणी येतच नव्हतं.

घरात रोज तेच. मी म्हणायचो, काढून घे. ती म्हणायची, दळण परत येईल, मत परत येणार न्हाई. शेवटी मी म्हणालो, "गिरणी बंद पडली तर तुझी कपबशी खाणार का?" कपबशी हे नुसतं तोंडात आलेलं, निवडणुकीच्या चिन्हाचं तेव्हा ठरलंही नव्हतं. पण माझ्या तोंडाला कधी कधी माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी आबांनी स्वतःची जीप पाठवली. बायकोला सन्मानानं सेनगावला न्यायचं, माघारीची सही घ्यायची, सन्मानानं परत आणायचं. ड्रायव्हर, आबांचा थोरला मुलगा, मी आणि ती. तिनं लग्नातली जरीकाठी नेसली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मान ठेवला, समजूत पडली. वाटेत थोरल्यानं तिला शेवेची पुडी दिली, तिनं ती खाल्ली. खाल्ल्या शेवेला जागेल अशी आमची अपेक्षा.

तहसीलला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. ती म्हणाली, "तुमी च्या प्या, मी आत जाऊन येते." आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. एक चहा झाला, भजी झाली, दुसरा चहा झाला. थोरला म्हणाला, सरकारी काम, वेळ लागतोच. तिनं आत काय केलं ते तिनंच नंतर सांगितलं. ती व्हरांड्यात बाकावर बसून राहिली. माघारीची वेळ संपली, साहेबानं तसं जाहीर केलं, आणि त्यानंतर चिन्हं वाटायला सुरुवात झाली तेव्हा ती उठून टेबलापाशी गेली.

बाहेर आली तेव्हा थोरला उठून उभा राहिला. "झाली का सही, वहिनी?"

"झाली की," ती म्हणाली. "कपबशी भेटली. तुमच्या घरच्यांला छत्री हाय."

आबांच्या जीपमध्ये, आबांच्या डिझेलवर, आबांच्या पोराच्या शेजारी बसून ती आबांच्या विरोधातलं चिन्ह घेऊन गावात आली. मला हसू येत होतं आणि मी ते खोकून दाबत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा अभिमान वाटला. अभिमान वाटला तसा मी लगेच पुढारीही झालो. नवऱ्यांचं तसंच असतं.

बाकी सगळ्या जागा बिनविरोध गेल्या. त्या एका जागेसाठी मतदान होणार. आणि तेव्हा एक अडचण समोर आली: गावात मत मागता कुणालाच येत नव्हतं. आबांना तर मुळीच नाही. त्यांनी आयुष्यात जे मागितलं ते मागायच्या आधीच मिळालं होतं. ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "छत्रीवर ना?" लोक म्हणायचे, "व्हय, आबा." मग आबा पुढच्या दारात. वसुलीला आल्यासारखेच. मी काही कमी नव्हतो. गावभर फिरून कोण कुणाकडचं ते हेरायचो आणि गिरणीच्या ओट्यावर ज्वारीचे दाणे मांडून हिशोब करायचो. पक्कं मत एक दाणा, कच्चं मत अर्धा दाणा, म्हणजे चिमणीनं फोडलेला. सगळ्यात आधी दोन टपोरे दाणे ठेवायचो. एक घरचा, म्हणजे तिचा. एक माझा. मग आई, मग धाकटा भाऊ, मग त्याची बायको, मग बाकीचं गाव.

सूनबाईंना बाहेर पडणं भागच होतं. त्यांच्याच नावाची पत्रकं छापली होती, जरी फोटो नवऱ्याचा होता. सुरुवातीला सासऱ्यामागं चालायच्या. दोन-तीन गल्ल्या झाल्यावर पुढं चालायला लागल्या. नंतर सासरे घरी बसले आणि त्या एकट्याच फिरायला लागल्या. आपलं गाव त्या पहिल्यांदाच बघत होत्या. इतकी वर्षं इथं राहून तांड्याकडं वाट कुठून जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरोघर जाऊन बसायच्या, नाव विचारायच्या, नात्यानं हाक मारायच्या. आमच्याही घरी आल्या. मी गिरणीत होतो. परत आलो तेव्हा त्या उंबऱ्यातून बाहेर पडत होत्या आणि बायको त्यांना कुंकू लावून चुलीपाशी परत येत होती. शत्रूला कुंकू! मी विचारलं, काय म्हणत होत्या? ती म्हणाली, "काही न्हाई, च्या घेतला." माझं डोकं सणकलं.

त्याहून मोठा घात पुढं झाला. एक दिवस सूनबाई गिरणीत आल्या, स्वतः ज्वारीचा डबा घेऊन. रांगेत बसल्या. तोवर थोडीफार दळणं परत यायला लागली होती, कारण ज्यांना मत द्यायचंय त्यांना बोलायचंही असतं, आणि बोलायला ओट्यासारखी जागा नाही. बायको पट्टा धरून उभी. लाईट नव्हती. सगळ्या बाया गप्प, कारण दोन्ही उमेदवार एकाच ओट्यावर. मग लाईट आली. गिरणीनं घरघर सुरू केली आणि तिकडं मोटर सुरू झाली. झालं! अर्ध्या बाया घागरींकडं पळाल्या. एकीचा डबा लवंडला, दुसरीनं तो लाथाडला, तिसरीचं लेकरू त्यात बसून रडायला लागलं. सूनबाई आ करून बघत राहिल्या.

"हे रोज असंच होते का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरला पाणी भराया बाई हाय ना, म्हणून दिसलं न्हाई," बायको म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं.

सूनबाईंनी लवंडलेला डबा सरळ केला. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मंग आंधी टाकी भरून घ्या. लाईट गेल्यावर वॉल सोडा. त्यात काय हाय एवढं?"

ओट्यावर हशा पिकला. जे माझी बायको वर्षभर सांगत होती तेच. सूनबाईंना हसण्याचं कारण कळेना. कळल्यावर त्याही हसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी निवडून आली का नाई, हे पयलं करते." 

मी तापलो. "आपला मुद्दा चोरला तिनं!" बायको म्हणाली, "चोरू द्या. चोरण्यासारखा होता म्हणून तं चोरला." मी दाणे परत मोजले. थोडक्यात का होईना, आम्ही निघत होतो.

मतदानाचा दिवस मी विसरणार नाही. शाळेत पेटी होती. सकाळपासून रांग. लोक सणाला निघाल्यासारखे आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून आलेले. पुण्याकडं कामाला गेलेली पोरं कनेरगाव नाक्यावर एसटीतून उतरून, मिळेल त्या वाहनानं गावात पोचली. एकाला विचारलं तर म्हणाला, "मत द्यायला आजवर घरी कवा कोणी बोलावलंच न्हाई, अवंदा बोलावलं म्हणून आलो." तांड्यावरून बाया गाणं म्हणत आल्या आणि शाळेच्या फाटकाशी मास्तरांनी गप्प केल्या. माझ्या आईला दोघांनी धरून आणलं. बाहेर आली तेव्हा बोट उभं धरून आली, आणि पुढं कितीतरी दिवस ते शाईचं बोट शेणाला लागू दिलं नाही. आबा स्वतः रांगेत उभे होते, पुढं माझा न्हावी, मागं पाणी सोडणारा गडी. कुणी म्हणालं, आबा, पुढं या. आबा दोन पावलं पुढं आले, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत जागेवर जाऊन उभे राहिले. मला त्या म्हाताऱ्याविषयी त्या क्षणी माया वाटली. मी ती लपवली, मी विरोधी पक्ष होतो.

मोजणी सेनगावला. छत्री एका मतानं निवडून आली.

एका मतानं! मी परत मोजायला लावलं. परत तेच. कुणी दगा दिला? दाण्यांचा हिशोब माझ्या डोक्यात तोंडपाठ होता. आई? नाही. न्हावी? तो तर आधीच अर्धा दाणा. शेवटी माझी नजर धाकट्या भावावर येऊन थांबली. मोजणीच्या दिवशी तो आला नव्हता, आणि म्हशीचं निमित्त सांगत होता. बस्स. मी त्याच्याशी सरळ बोलणं टाकलं. पाच वर्षं त्याच्याकडून दळणाचे पूर्ण पैसे घेतले, आणि पिठात कोंडा सुटेल असा दगड मुद्दाम सैल ठेवायचो. तो बिचारा म्हणायचा, "दादा, पीठ जाडं येऊन राहिलं." मी म्हणायचो, "माणसं जाडी झाली."

बायको मात्र हरल्यासारखी वागलीच नाही. जिलेबी आणून वाटली. मी विचारलं, कशाची? म्हणाली, मत दिल्याची.

सूनबाईंनी शब्द पाळला. पहिल्याच बैठकीला नवऱ्याला घरी ठेवून त्या स्वतः गेल्या, ठराव घातला, आणि पाणी सोडणाऱ्या गड्याला सांगितलं: आधी टाकी, मग वॉल. लाईट असेपर्यंत दळण, लाईट गेल्यावर पाणी. बायांचं पळणं थांबलं. माझा ओटा भरला, धंदा वाढला. म्हणजे मी हरून जिंकलो होतो, पण हे मान्य करायला मी तयार नव्हतो. मला दगाबाज हवा होता आणि तो मला शेजारीच मिळाला होता.

पाच वर्षं गेली. परत निवडणूक लागली तेव्हा कुणी पारावर बसलंच नाही. बसून उपयोग नव्हता. जो तो अर्ज भरायला सेनगावला पळालेला. एका वार्डात इतके उमेदवार की चिन्हं पुरेनात. 'बिनविरोध गाव'ची पाटी वाऱ्यानं पडली होती ती मी आणून गिरणीच्या फुटलेल्या खिडकीला ठोकली. आमच्या वार्डातली जागा आता सर्वांना खुली होती. मी उभा राहिलो. का नाही राहायचं? पाच वर्षं मी त्या एका मताचा हिशोब डोक्यात घेऊन हिंडत होतो.

मतदानाच्या आदल्या दुपारी मी ओट्यावर दाणे मांडत बसलो होतो. लाईट नव्हती, गिरणी गप्प होती. बायको डाळीचा डबा घेऊन आली आणि उभी राहून बघायला लागली.

"हा पहिला कोणाचा?" तिनं एक टपोरा दाणा उचलला.

"तुझा. अजून कोणाचा?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? घरचं मत."

ती दाणा बोटात फिरवत राहिली. मग सहज, डाळीत खडे किती निघाले ते सांगावं तसं म्हणाली, "मागच्या बारीला मी छत्रीला दिलं होतं."

मला आधी वाटलं, थट्टा करते. मग तिचं तोंड बघितलं. माझ्या डोळ्यांपुढून पाच वर्षांचा कोंडा सरसर वाहून गेला, भावाचं जाडं पीठ गेलं, सेनगावला मोजायला लावलेल्या मतपत्रिका गेल्या. "अगं, तू स्वतःला दिलं असतं तर एका मतानं निवडून आली असतीस!"

"ठाऊक हाय."

"मग काहून?"

"ती आली होती ना आपल्या घरी, तुमी गिरणीत होता तवा. उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायली. हात जोडले. म्हणाली, जाऊबाई, तुमी माह्या इरोधात उभ्या हाय, ठाऊक हाय मले. पण मत तं तुमालेबी हाय ना? मले द्या." बायकोनं डबा दुसऱ्या काखेत घेतला. "एवढ्या वर्षांत या गावात पहिल्यांदा कोणी माझ्या दारात येऊन माझं मत मागितलं. तिला कशी न्हाई म्हणू? अन् वॉलचंबी तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं. मला वाटलं, ही करंल."

"अन् मी?" माझा आवाज चढला. "मी तुझ्यासाठी गावभर फिरलो, धंदा बुडवला, भावाशी वैर घेतलं!"

"तुमी गावभर फिरलात," ती म्हणाली. "घरात न्हाई फिरलात. तुमी मला इचारलंच न्हाई. धरूनच चाललात. आबाबी तेच करत होते."

मला हे लागलं. फार लागलं. मी कितीतरी वेळ ओट्यावरच्या दाण्यांकडं बघत बसलो. यंदाही त्यातल्या एकाही घरी मी 'मत द्या' असं म्हणून उभा राहिलो नव्हतो; नुसते दाणे मांडले होते. समोरच्या वाटेनं धाकटा भाऊ दळणाचा डबा डोक्यावर घेऊन येत होता. त्याला आता काय सांगायचं, हाही प्रश्नच होता.

शेवटी मी उठलो. अंगावरचं पीठ झटकलं. बायकोपुढं उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढं हात जोडले. "बाई," मी म्हणालो, "मी उभा हाय. तुमचं मत मला द्या."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, उमेदवाराकडं पाहावं तसं. मग तो पहिला दाणा गिरणीच्या तोंडात टाकला आणि डाळीचा डबा माझ्या हातात दिला.

"बघू," ती म्हणाली.